कॅथलिक उपासनापरंपरांमधून आपली आवड कशी ओळखावी आणि कशी जोपासावी

मुंबई, ठाणे, कल्याण किंवा पुणे परिसरात राहणाऱ्या मराठी कॅथलिक माणसाला रविवारी कोणत्या मिस्साला जावे, हा प्रश्न आता केवळ वेळेचा आणि अंतराचा राहिलेला नाही. आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रोमन विधीची मिस्सा मराठीत, इंग्रजीत किंवा कोकणीत होते. अनेक उपनगरांत सिरो-मलबार ख्रिस्तसभेचे चर्चही असते आणि तिथे पूर्व-सिरियाक परंपरेची कुर्बाना, म्हणजे त्यांची मिस्सा, अर्पण केली जाते. पुण्यातील खडकीच्या नावाने तर सिरो-मलंकरा ख्रिस्तसभेचा एक धर्मप्रांतच आहे. या तिन्ही ठिकाणी पोप महोदयांचे नाव घेऊन प्रार्थना होते आणि तिन्ही ठिकाणची उपासना सारखीच कॅथलिक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ आणि १९६४ च्या दस्तऐवजांत सर्व मान्य उपासनाविधींना समान हक्क आणि समान प्रतिष्ठा असल्याचे स्पष्टपणे म्हटले आहे. तरीही माणसाला एक विधी दुसऱ्यापेक्षा जवळचा वाटतो, आणि त्यात वावगे काही नाही. ही आवड नीट पारखावी कशी, तिला किती मोकळीक द्यावी आणि ती कुठे थांबते, हे क्रमाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवातीला काय वेगळे करावे

उपासनेच्या आवडीविषयी बोलताना तीन गोष्टींची सरमिसळ होते आणि बहुतेक वाद तिथेच जन्म घेतात. पहिली गोष्ट म्हणजे उपासनापरंपरा. कॅथलिक ख्रिस्तसभेत लॅटिन (आपला रोमन विधी यातलाच), अलेक्झांड्रियन, अँटिओकची म्हणजे पश्चिम-सिरियाक, आर्मेनियन, खाल्डियन म्हणजे पूर्व-सिरियाक आणि बायझंटाइन अशा सहा मोठ्या परंपरा आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे स्वशासित ख्रिस्तसभा. लॅटिन ख्रिस्तसभा आणि पौर्वात्य ख्रिस्तसभा मिळून त्या २४ आहेत, आणि एकाच परंपरेत अनेक ख्रिस्तसभा असू शकतात. युक्रेनियन आणि मेल्काइट या दोन्ही बायझंटाइन परंपरेच्या असल्या तरी त्यांचा कारभार स्वतंत्र आहे. तिसरी गोष्ट म्हणजे त्या त्या ठिकाणची शैली: गायनवृंद, वाद्ये, प्रवचनाची धाटणी, चर्चची सजावट आणि धर्मगुरूंचा स्वभाव.

आपल्याला जे आवडले किंवा खटकले ते या तिन्हींपैकी नेमके कशाचे आहे, हे आधी ओळखावे. वसईत हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीने होणारी मराठी मिस्सा आणि मुंबईच्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये ऑर्गनच्या साथीने होणारी इंग्रजी मिस्सा या ऐकायला कितीही भिन्न वाटल्या, तरी दोन्ही एकाच रोमन मिस्साग्रंथाप्रमाणे होतात. पादत्राणे काढणे, हात जोडून नमस्कार करणे, आरती ओवाळणे, जमिनीवर मांडी घालून बसणे अशा बारा मुद्द्यांना रोमने १९६९ मध्ये भारतासाठी मान्यता दिली. त्यामुळे मिस्सेत आरती दिसली म्हणून तो वेगळा विधी ठरत नाही. काँगोमध्ये १९८८ पासून मान्य असलेली आफ्रिकी वळणाची मिस्साही रोमन विधीचेच एक रूप आहे. मला स्वतःला असे वाटते की आपल्याकडे "मला लॅटिन विधी आवडत नाही" असे म्हणणाऱ्या पुष्कळांची खरी तक्रार त्यांच्या चर्चमधल्या ध्वनिवर्धकाविषयी किंवा घाईघाईने उरकलेल्या प्रार्थनांविषयी असते. तसे असेल तर परंपरा बदलून ती तक्रार सुटणार नाही. शेजारच्या धर्मग्रामात किंवा आठवड्याच्या मधल्या एखाद्या सकाळी शांतपणे होणाऱ्या मिस्सेला जाऊन पाहावे.

आणखी एक गैरसमज दूर ठेवावा. लॅटिन विधी म्हणजे आपला आणि सिरियाक विधी म्हणजे केरळवाल्यांचा, अशी वाटणी आपण सहज करतो. इतिहास तिला आधार देत नाही. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मास याने "कल्लियाना" येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि अनेक अभ्यासक ते ठिकाण आपले कल्याणच मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी हुतात्मा झाले, तेव्हा तिथे पूर्व-सिरियाक परंपरेची ख्रिस्ती कुटुंबे आधीपासून राहत होती. गोव्यात आगशी येथे २००१ मध्ये पहलवी, म्हणजे जुन्या पर्शियन भाषेतील, लेख कोरलेला दगडी क्रूस सापडला. पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात लॅटिन विधी या किनाऱ्यावर स्थिरावला, आणि १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी उदयमपेरूर येथे सभा भरवून केरळच्या संत थॉमस ख्रिस्ती लोकांच्या सिरियाक उपासनेला लॅटिन वळण दिले. तिथल्या असंतोषाचा उद्रेक पुढे १६५३ मध्ये मट्टांचेरीच्या कूनन क्रूस शपथेत, म्हणजे लोकांनी ती धर्मसत्ता नाकारण्याच्या शपथेत, झाला. म्हणून या परंपरा पाहायला जाताना पाहुण्याच्या कुतूहलाबरोबर थोडी नम्रताही असावी. त्यांनी जे गमावले त्यात आपल्याच किनाऱ्यावरून निघालेल्या सत्तेचा वाटा होता.

पहिल्यांदा जाताना

जाण्यापूर्वी ते चर्च कॅथलिक आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. मुंबई आणि पुण्यात मलंकरा ऑर्थोडॉक्स, याकोबाइट आणि मार थोमा या ख्रिस्तसभांचीही चर्च आहेत; त्यांची नावे, तसेच काहींच्या संतांच्या तसबिरी आणि विधीही बाहेरून सिरो-मलंकरा कॅथलिकांसारखेच दिसतात. तिथे आदराने उपस्थित राहायला हरकत नाही, परंतु तिथे ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर आणि द्राक्षारस) घेण्याचे नियम वेगळे आहेत आणि रविवारी मिस्सेला जाण्याचे कर्तव्यही त्याने पूर्ण झाले असे मानता येत नाही. चर्च कॅथलिक असेल तर मात्र कोणताही संकोच नको. कोणत्याही कॅथलिक विधीत सहभागी होण्याची आणि ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्याची मुभा लॅटिन धर्मकायदा स्पष्टपणे देतो, रविवारचे कर्तव्य कोणत्याही कॅथलिक विधीच्या मिस्सेने पूर्ण होते, आणि पापनिवेदनही दुसऱ्या विधीच्या धर्मगुरूंकडे करता येते.

भाषा कोणती असेल ते आधी विचारून घ्यावे. सिरो-मलबार आणि सिरो-मलंकरा चर्चमध्ये बहुतेक वेळा मलयाळम असते, काही ठिकाणी इंग्रजी किंवा हिंदी कुर्बानाही होते. शक्य असेल तर पहिल्या भेटीला समजणाऱ्या भाषेतील कुर्बाना निवडावी, नाही तर प्रार्थनांचे पुस्तक किंवा त्यांचा अनुवाद आदल्या दिवशी एकदा वाचून जावे. चर्चमध्ये मात्र पुस्तकात डोके घालून बसू नये. मधल्या रांगेत बसावे, इतर उभे राहतील तेव्हा उभे राहावे, आणि ख्रिस्तप्रसाद घेण्याची तिथली पद्धत पुढच्या माणसाकडे पाहून समजून घ्यावी. बायझंटाइन चर्चमध्ये आंबवलेली भाकर द्राक्षारसात मिसळून लहान चमच्याने थेट तोंडात दिली जाते, तेव्हा हात पुढे करू नयेत, तोंड पुरेसे उघडावे आणि चमच्यावर ओठ मिटू नयेत. क्रुसाची खूण तिथे उजव्या खांद्याकडून डाव्याकडे करतात. आपण आपल्या सवयीने केली तरी कोणी रागावत नाही.

कुठे काय ऐकावे आणि पाहावे

सिरो-मलबार कुर्बानेत सुरुवातीलाच "स्वर्गात देवाचा गौरव" हे देवदूतांचे गीत आणि प्रभूची प्रार्थना येते. वेदीचा भाग पुष्कळ ठिकाणी पडद्यामागे असतो आणि तो पडदा ठरावीक क्षणी उघडतो. क्रुसावर येशूची आकृती नसते. कमळावर उभा असलेला संत थॉमसचा क्रूस असतो. या उपासनेचे हृदय म्हणजे आद्दाई आणि मारी यांच्या नावाने ओळखली जाणारी अनाफोरा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस यांवरची मुख्य स्तुतिप्रार्थना. आज वापरात असलेल्या अशा प्रार्थनांमध्ये ती सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. तिच्या प्राचीन हस्तलिखितांत "हे माझे शरीर आहे" हे शब्द सलग वाक्यात आढळत नाहीत. रोमशी ऐक्य नसलेली असिरियन ख्रिस्तसभा तिचे तेच जुने रूप वापरते, आणि २००१ मध्ये रोमने ते रूपही वैध मानले. सिरो-मलबार कॅथलिक विधीत ते शब्द समाविष्ट आहेत. ही प्रार्थना ऐकताना तिच्यात वारंवार येणारी कृतज्ञता आणि स्वतःच्या अपात्रतेची जाणीव यांकडे लक्ष द्यावे. रोमन मिस्सेच्या आटोपशीर प्रार्थनांची सवय असलेल्या माणसाला हे शब्द आधी लांबलचक वाटतात, पण तीन-चार वेळा ऐकल्यावर त्यांची लय पकडता येते.

धर्मगुरूंनी कोणत्या दिशेला तोंड करावे, या मुद्द्यावर सिरो-मलबार ख्रिस्तसभेत मोठा संघर्ष झाला आहे. २०२१ मध्ये त्यांच्या बिशपांच्या सभेने मधला मार्ग ठरवला: वचनसेवेच्या (बायबल वाचनांच्या) वेळी लोकांकडे तोंड, अनाफोराच्या वेळी वेदीकडे, आणि ख्रिस्तप्रसादानंतर पुन्हा लोकांकडे. केरळातील एर्नाकुलम-अंगमाली आर्चडायोसिसमध्ये याला तीव्र विरोध झाला आणि तिथली संत मेरी बॅसिलिका बराच काळ बंद राहिली. भेट देणाऱ्याने या वादात बाजू घेण्याचे कारण नाही. मात्र उपासनेतील आवड जेव्हा दुसऱ्याला नाकारण्याचे शस्त्र बनते तेव्हा चर्चच्या दाराला कुलूप लागू शकते, हे मला फार वेदनादायक वाटते, आणि म्हणूनच या सगळ्या मार्गदर्शनात मी वेळ देण्यावर आणि दुसऱ्याच्या परंपरेला नावे न ठेवण्यावर इतका भर देतो आहे.

सिरो-मलंकरा उपासना पश्चिम-सिरियाक आहे. आर्चबिशप मार इवानियोस यांच्या नेतृत्वाखाली २० सप्टेंबर १९३० रोजी या समुदायाने रोमशी ऐक्य स्वीकारले. येथे संत याकोबाच्या नावाची अनाफोरा प्रमुख आहे, धूप जवळजवळ सतत असतो, आणि पवित्र क्षणी घुंगरू लावलेले धातूचे गोल पंखे हलवले जातात. उपासनेतील संवाद जलद आणि गेय असतात. धर्मगुरू, डीकन (धर्मगुरूंचे दीक्षित साहाय्यक) आणि लोक यांच्यात ते न थांबता फिरत राहतात. माझी वैयक्तिक पसंती विचाराल तर प्रायश्चित्तासाठी मला ही परंपरा सर्वांत खोल वाटते. मोठ्या उपवासाच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या, पहिल्या सोमवारी त्यांचा शुबकोनो हा विधी होतो. त्यात लोक गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमन करतात आणि एकमेकांची क्षमा मागतात. आपल्या राखेच्या बुधवारचा विधी सुंदर आहेच, पण तिथे राख आपण एकेकट्याने घेतो. इथे क्षमा शेजाऱ्याकडे मागावी लागते.

उलट पुनरुत्थानाच्या रात्रीसाठी मी रोमन विधीच निवडेन. अंधाऱ्या चर्चमध्ये पेटलेली पास्काची मेणबत्ती, तिच्यावरून हातोहात पसरणारा उजेड, दीर्घ स्तुतिगीत, निर्मितीच्या कथेपासून सुरू होणारी जुन्या करारातील वाचने आणि त्यानंतर होणारे स्नानसंस्कार (बाप्तिस्मे) यांची मांडणी मला अतुलनीय वाटते. आवड अशी प्रसंगाप्रसंगाने वाटली गेली तरी चालते. एका परंपरेला सगळ्या बाबतींत पहिला क्रमांक द्यावा, असा कोणताही नियम नाही.

बाकीच्या परंपरा बहुतेकांना प्रवासातच भेटतील. मिलानमध्ये गेल्यास अँब्रोसियन विधी जरूर पाहावा. तिथे नाताळाआधीचा आगमनकाळ सहा आठवड्यांचा असतो, प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू न होता त्यानंतरच्या रविवारी सुरू होतो, त्या काळातील शुक्रवारी मिस्सा होत नाही आणि शांतीची खूण अर्पणाच्या आधी दिली जाते. स्पेनमधील टोलेडोच्या कॅथेड्रलमधील एका चॅपेलमध्ये मोझाराबिक विधी जपला आहे. तिथे पवित्र भाकरीचे नऊ तुकडे करून क्रुसाच्या आकारात मांडतात. आखाती देशांत राहणाऱ्यांना तर फार लांब जावे लागत नाही, कारण तिथे एकाच आवारात लॅटिन, सिरो-मलबार, मलंकरा आणि अरबी भाषेतील मॅरोनाइट (लेबनॉनमधील ख्रिस्तसभेची) उपासना आठवडाभरात पाहायला मिळू शकतात.

आवड पारखायची कशी

एका भेटीवर मत बनवू नये. पहिल्या वेळी आपल्याला फक्त नवेपण दिसते, आणि नवेपण आवडणे म्हणजे परंपरा आवडणे नव्हे. शक्य असल्यास त्या परंपरेचा एखादा पूर्ण काळ तिच्याबरोबर काढावा. सिरो-मलबार वर्ष आपल्या वर्षाहून वेगळ्या रीतीने विभागलेले आहे: येशूच्या जन्माच्या सूचनेचा काळ, प्रभुप्रकटीकरणाचा काळ, मोठा उपवास, पुनरुत्थान, प्रेषितांचा काळ, मग पुढे एलिया, क्रूस आणि मोशे यांचे काळ, आणि शेवटी ख्रिस्तसभेच्या समर्पणाचा काळ. यांपैकी एखाद्या काळातील रविवारची वाचने आपल्या वाचनांशी ताडून पाहिली, तर त्या परंपरेचा विचार कसा चालतो हे कळते. पवित्र गुरुवारी संत थॉमस ख्रिस्ती कुटुंबांत घरातील कर्ता माणूस पेसहाची बेखमीर भाकर मोडतो आणि नारळाच्या दुधाबरोबर ती सर्वांना देतो. कोणी शेजाऱ्यांनी बोलावले तर ते निमंत्रण टाळू नये, कारण विधीचा अर्धा अर्थ अशा घरगुती आचरणात असतो.

परत आल्यावर स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. मी तिथे प्रार्थना केली, की केवळ पाहत बसलो? शब्द समजू लागल्यावर ओढ वाढली, की कमी झाली? घरी परतल्यावर माझ्या माणसांशी मी अधिक सौम्य वागलो का? शेवटचा प्रश्न उपासनेशी संबंधित नाही असे कुणाला वाटेल, पण माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह कसोटी तीच आहे.

जुन्या लॅटिन मिस्सेकडे ओढ असणाऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे. १९६२ च्या मिस्साग्रंथाप्रमाणे होणारी ही मिस्सा हा स्वतंत्र विधी नाही. ते रोमन विधीचे जुने रूप आहे. १९६९ मध्ये नवा मिस्साग्रंथ लागू झाला, २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुन्या रूपाला मोठी मोकळीक दिली, आणि २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा बिशपांच्या परवानगीखाली आणली. म्हणून अशी मिस्सा कुठे होते हे धर्मप्रांताच्या कार्यालयातच विचारावे, कारण ती अर्पण करणारे सर्वच गट कॅथलिक शिस्तीत नसतात. त्या शांततेची ओढ मला मनापासून समजते. पण ती शांतता आजच्या मिस्सेतही शक्य आहे, आणि नव्या मिस्साग्रंथात ती स्पष्टपणे सांगितलेली आहे. आपल्या धर्मगुरूंना प्रवचनानंतर आणि ख्रिस्तप्रसादानंतर दोन मिनिटे शांत बसू देण्याची विनंती करून पाहावी.

सदस्यत्व, लग्न आणि मुले

कितीही वर्षे सिरो-मलबार कुर्बानेला गेलात तरी तुम्ही त्या ख्रिस्तसभेचे सदस्य होत नाही; दुसऱ्या विधीत दीर्घकाळ संस्कार घेतल्याने सदस्यत्व बदलत नाही, असे धर्मकायद्यातच नमूद आहे. सदस्यत्व स्नानसंस्काराच्या वेळी ठरते, आणि तेही संस्कार कोणत्या इमारतीत झाला यावरून ठरत नाही. मूल लहान असेल तर ते आईवडिलांच्या ख्रिस्तसभेवरून ठरते. आई आणि वडील दोघेही कॅथलिक असून वेगवेगळ्या ख्रिस्तसभांचे असतील, तर दोघांनी सहमतीने निर्णय घेता येतो. सहमती नसेल तर मूल वडिलांच्या ख्रिस्तसभेचे होते. चौदा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्नानसंस्कार घेत असेल तर तिला स्वतः निवड करता येते.

लग्न झाल्यावर लॅटिन पती किंवा पत्नी जोडीदाराच्या पौर्वात्य ख्रिस्तसभेत जाऊ शकते. पौर्वात्य कायद्यात मात्र ही सोय केवळ पत्नीला, पतीच्या ख्रिस्तसभेत जाण्यासाठी आहे. लग्न नसताना केवळ आवडीपोटी बदल करायचा असेल तर रोमची परवानगी लागते. दोन्ही बिशपांनी लेखी संमती दिली तर काही परिस्थितीत ती परवानगी मिळाली असे गृहीत धरले जाते. बदल झाला की त्याची नोंद स्नानसंस्काराच्या नोंदवहीत झाली आहे ना, हे स्वतः पाहून घ्यावे. लॅटिन आणि पौर्वात्य व्यक्तींचा विवाह असेल तर तो डीकनकडून न होता धर्मगुरूंच्या आशीर्वादाने व्हावा लागतो, हेही तारीख ठरवण्यापूर्वी सांगून ठेवावे.

पालकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक बाब आहे. पौर्वात्य ख्रिस्तसभांत तान्ह्या बाळाला स्नानसंस्काराबरोबरच पवित्र तेलाने अभ्यंग करून दृढीकरण (कन्फर्मेशन) संस्कार दिला जातो. अशा मुलाला पुढे लॅटिन धर्मग्रामातील वर्गात इतर मुलांबरोबर पुन्हा दृढीकरणासाठी बसवू नये, कारण हा संस्कार एकदाच होतो. स्नानसंस्काराच्या दाखल्यावर ही नोंद असतेच. वर्गशिक्षिकेला तो दाखला सुरुवातीलाच दाखवावा. सण आणि उपवास यांबाबत घरात गोंधळ होत असेल तर पौर्वात्य कायदा अशा कुटुंबांना दोन्हींपैकी एका ख्रिस्तसभेचे नियम पाळण्याची मुभा देतो.

आवडती परंपरा जवळ नसेल तेव्हा

बहुतेक वाचकांना सदस्यत्व बदलायचे नसते, आणि त्याची गरजही नसते. आपल्या धर्मग्रामाशी असलेले नाते सांभाळूनच दुसऱ्या परंपरेची प्रार्थना घरी आणता येते. सिरो-मलबार परंपरेची रम्शा ही सायंप्रार्थना कुटुंबात म्हणण्याजोगी आहे. बायझंटाइन परंपरेतील "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर" ही प्रार्थना लोकलच्या गर्दीतही श्वासाबरोबर म्हणता येते. मलंकरा ख्रिस्ती मोठ्या उपवासाच्या आधी तीन दिवसांचा निनवेचा उपवास योना संदेष्ट्याच्या आठवणीने पाळतात. तो पाळायचा असेल तर त्यांच्या चर्चमधून त्या वर्षीच्या तारखा विचारून घ्याव्यात आणि त्या तीन दिवसांत योनाचे छोटे पुस्तक घरातल्या सर्वांनी मिळून वाचावे.